अमेरिकन गव्हर्नमेंटचा कोर्स घेताय? आधी तीन प्रश्न वेगळे करा

टेक्सासमधल्या सरकारी कॉलेजात पदवी कुठलीही घ्या, नर्सिंग असो की कॉम्प्युटर, शासनव्यवस्थेचे सहा क्रेडिट अवर्स (कोर्स मोजायचं इथलं माप) सुटत नाहीत. साधारण निम्मे देशाच्या घटनेवर, निम्मे टेक्सासच्या. लग्नानंतर इकडे येऊन तिशी-पस्तिशीत पुन्हा कॉलेज धरणाऱ्या मैत्रिणी विचारतात, हा कोर्स पहिल्याच सेमिस्टरला उरकून टाकू का? आपल्याला नागरिकशास्त्र होतंच की! खुशाल घ्या. पण नागरिकशास्त्राच्या भरवशावर जाऊ नका, नेमकं तेच आडवं येतं.

सुरुवातीचा भाग सोपा आहे. १२१५ चा मॅग्ना कार्टा (इंग्लंडच्या राजाला नियमांत बांधणारी सनद), १६२० चा मेफ्लॉवर करार (अमेरिकेत आलेल्या वसाहतवाल्यांचा आपापसातला), लॉक, माँतेस्क्यू हे विचारवंत. एकदा नीट वाचलं की डोक्यात बसतं.

खरी मेख शासनप्रकारांच्या धड्यात आहे. राजेशाही, अल्पजनसत्ता, लोकशाही, एकात्म, राज्यसंघ, संघराज्य, संसदीय, अध्यक्षीय. सगळे शब्द ठळक टायपात. शाळेच्या सवयीनं आपण ते 'शासनाचे आठ प्रकार' म्हणून घोकतो. मीही घोकले, आणि देशाला यातला एकच शिक्का लावायचा असतो असं समजून मिडटर्मचे मार्क घालवले. हे आठ प्रकार नाहीतच. तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एका पानावर कोंबलेली आहेत. सत्ता कोणाची? ती केंद्र आणि प्रदेशांत कशी वाटलेली (एकात्म म्हणजे मूळ सत्ता केंद्राकडे, राज्यसंघ म्हणजे राज्यांकडे, संघराज्य म्हणजे दोघांत वाटलेली)? कायदे करणारे आणि राबवणारे यांचं नातं काय? प्रत्येक देशाला तिन्ही प्रश्न विचारायचे. ब्रिटन: राजा नावापुरता, प्रत्यक्षात लोकशाही, एकात्म, संसदीय. कॅनडा: राजा तोच, पण संघराज्य, संसदीय. इंडोनेशिया: प्रजासत्ताक, एकात्म, अध्यक्षीय. अमेरिका: प्रजासत्ताक, संघराज्य, अध्यक्षीय. कागदावर तीन रकाने आखा आणि दहा देश भरा. हसू येईल, पण करा. एखादा रकाना रिकामा राहिला तर तुम्ही अजून घोकताय असं समजा.

दुसरा रकाना आपल्याला सगळ्यात जास्त फसवतो, कारण 'संघराज्य' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर भारत येतो. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात झाले ते संसदेच्या कायद्यानं. आपल्या घटनेच्या कलम ३ प्रमाणे राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवतात, संमती लागत नाही. इथे टेक्सासचा तुकडा पाडून नवं राज्य करायचं तर टेक्सासच्या विधिमंडळाची संमती हवीच, आणि वर काँग्रेसचीही, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची. शेषाधिकार, म्हणजे घटनेत कोणाच्याच वाट्याला न दिलेले अधिकार, आपल्याकडे केंद्राकडे. इथे दहाव्या घटनादुरुस्तीनं ते राज्यांकडे किंवा जनतेकडे. म्हणून 'संघराज्य म्हणजे मजबूत केंद्र' असं लिहिलंत की गेलात.

आता राज्यसंघ. तो व्याख्येतून कळत नाही, १७८१ ते १७८९ ची अमेरिका वाचूनच कळतो. तेव्हाचं मध्यवर्ती सरकार म्हणजे मेंटेनन्स वसूल करायचा अधिकारच नसलेली हाउसिंग सोसायटी. कर लावता येत नाही, राज्यांकडे पैसे मागायचे, दिले तर दिले. लहानमोठं प्रत्येक राज्य एका मताचं, आणि ज्यावर हा राज्यसंघ उभा होता तो करारनामा बदलायचा तर तेराही राज्यं राजी हवीत. आयातीवर पाच टक्के कर लावायचा प्रस्ताव एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकारामुळे अडला. मग १७८६-८७ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे कर्जात बुडालेले शेतकरी डॅनियल शेजच्या मागे उभे राहिले. जानेवारी १७८७ मध्ये ते स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले, तेव्हा मध्यवर्ती सरकारकडे पाठवायला फौज नव्हती. बंड मोडायला राज्यानं जे सैन्य उभारलं त्याचा खर्च बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी उचलला. त्याच वर्षी मे महिन्यात फिलाडेल्फियात घटना परिषद बसली. ऱ्होड आयलंडनं तिथेही माणूस पाठवला नाही. एवढी गोष्ट पक्की ठेवा. संघराज्य कशासाठी, हे निबंधात मग वेगळं सांगावं लागत नाही.

आणि एक गंमत, जिच्यावर प्रश्न हमखास निघतो. अमेरिका संघराज्य, पण टेक्सासच्या आत राज्य आणि शहरं यांचं नातं एकात्म. शहराचे अधिकार राज्याकडून येतात, राज्य ते काढूनही घेऊ शकतं. डेंटन शहराच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये गावात फ्रॅकिंगला (जमिनीखालचा खडक फोडून तेल-वायू काढण्याला) बंदी घातली. २०१५ मध्ये विधिमंडळानं कायदा करून ती निष्प्रभ केली. लोकांनी मतदान केलेलं, तरीही.

तिसऱ्या रकान्यावर फार बोलत नाही. राष्ट्राध्यक्षावर अविश्वास ठराव नसतो, महाभियोग वेगळा. मंत्री काँग्रेसचा सदस्य असू शकत नाही. झालं.

फ्लॅशकार्डबद्दल माझं मत वाईट आहे. तारखांना ठीक, पण तो आठ शब्दांचा गोंधळ फ्लॅशकार्डच पक्का करतात: पुढे एक शब्द, मागे एक व्याख्या, बाकीच्यांशी नातं शून्य. सीनियरच्या नोट्स त्याहून वाईट, त्यात सीनियरचा गोंधळही फुकट मिळतो. 'पाठ कर, बी मिळतो' म्हणणाऱ्या ताई-दादांना नमस्कार करून पुढे जा. प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना जा, इंग्रजी अडखळलं तरी जा. तिथे बहुतेक वेळा कोणीच आलेलं नसतं, आणि तुमचा तीन रकान्यांचा कागद पाहून प्रोफेसर खुश होतात.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो डॉ. आंबेडकरांच्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतल्या भाषणाचा. घटनेचा मसुदा मांडताना ते म्हणतात की घटना हातात पडली की अभ्यासक दोन गोष्टी विचारणार: शासनाचं स्वरूप कोणतं आणि घटनेचं स्वरूप कोणतं. पहिल्यात अध्यक्षीय की संसदीय, दुसऱ्यात एकात्म की संघराज्य. म्हणजे आपले दोन रकाने त्यांनी आखूनच दिलेत, आणि दोन्हींत तुलना अमेरिकेशी केली आहे. टेक्स्टबुकच्या आधी हे वाचा.

घाबरू नका, तिसरी-चौथी क्विझ होईपर्यंत हात बसतो. टेक्सासचा कोर्स मात्र लगेच पुढच्या सेमिस्टरला घ्या, विसरायच्या आत. १८७६ ची घटना, पाचशेहून जास्त दुरुस्त्या, आणि नियमित अधिवेशन विषम वर्षीच, जास्तीत जास्त १४० दिवस भरवणारं विधिमंडळ. तिथला गव्हर्नर लोक निवडून देतात, तेव्हा राजभवन डोक्यातून काढून मगच वर्गात बसा.