लोहाच्या औषधाने दुधाचे दात काळे पडले तर

बाळाच्या पुढच्या दातांवर, हिरडीलगत काळपट रेघ दिसली की आईच्या पोटात गोळाच येतो. दात किडले या भीतीने अनेकजणी लोहाचं औषध परस्पर बंद करतात. कृपया तसं करू नका. हा डाग दाताच्या वर बसतो, आत शिरत नाही. नखाने हळूच चाचपून पाहा: डाग असेल तर दात गुळगुळीत लागतो, कीड असेल तर बहुधा खड्डा किंवा मऊपणा जाणवतो. शंका राहिली तर दंतवैद्यांना दाखवाच.

अॅनिमिया मुक्त भारत योजनेत 6 ते 59 महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा 1 मिलि सिरप देतात. ते द्यायची पद्धत बदलली की निम्मं काम होतं. ड्रॉपर जिभेवर किंवा पुढच्या दातांवर न धरता गालाच्या आत, मागच्या बाजूला धरा आणि थेंबथेंब सोडा. लगेच दोन घोट पाणी पाजा, मग ओल्या मऊ कापडाने दात पुसून घ्या. दुधात मिसळू नका, दुधामुळे लोह कमी शोषलं जातं. मोठ्या बाळाला लिंबूपाण्यासोबत दिलं तर उलट जास्त शोषलं जातं, पण त्यानंतरही साधं पाणी हवंच.

रात्री तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावून ब्रश करा. उरलेला डाग दंतवैद्य पॉलिश करून काढतात. शी काळी होणंही नेहमीचंच.

बाटली मात्र उंच फळीवर ठेवा. गोड म्हणून मुलाने ती तोंडाला लावली तर लोहाची विषबाधा जिवावर बेतू शकते.