हँडब्रेकची केबल कशी बदलावी

हँडब्रेक सोडल्यावरही मागचे चाक जखडलेले राहत असेल किंवा दांडी पूर्ण ओढूनही गाडी उतारावर सरकत असेल, तर केबलकडे पाहावे. पावसाळ्यात आवरणात पाणी शिरून आतली तार गंजते. अशा वेळी दांडीखालचा नट आवळून दिवस काढण्याचा मोह होतो. परंतु गंजलेली केबल आवळल्याने सुधारत नाही, ती बदलावीच लागते. पुढील पद्धत मागे ड्रम ब्रेक आणि दोन केबल असलेल्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान गाड्यांसाठी आहे.

गाडी सपाट, टणक जागी उभी करून पहिला गिअर टाकावा आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत, कारण काम करताना हँडब्रेक सोडलेला असतो. मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. मग दांडीभोवतीचे प्लॅस्टिकचे आवरण काढून केबल जोडणाऱ्या पट्टीवरचा नट सैल करावा.

चाक आणि ड्रम काढावा. ड्रम अडकला असेल आणि त्यावर आटे असलेली दोन छिद्रे असतील, तर त्यांत योग्य मापाचे बोल्ट आलटून पालटून आवळले की तो बाहेर येतो. एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे स्प्रिंगांची जागा विसरल्यास दुसरी बाजू नमुना म्हणून उपलब्ध राहते. ड्रम काढलेला असताना ब्रेकचा पेडल दाबू नये, अन्यथा सिलिंडरमधले पिस्टन बाहेर येतात. आतली धूळ फुंकू नये. ब्रेक क्लीनरने धुवावी.

शू म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या अर्धगोल पट्ट्या; त्यांच्यामागच्या दांडीवजा पट्टीतून केबलचे टोक सोडवावे. ड्रममागच्या पत्र्यात केबल धरून ठेवणारे पाकळीसारखे कान असतात. पक्कडीने एकेक दाबत बसण्यापेक्षा नेमक्या मापाचा रिंग पाना त्यांवर चढवला, तर ते एकदम दबतात. पुढे गाडीखालच्या क्लिपा काढून केबल ओढून घ्यावी.

नवी केबल जुनीशेजारी ठेवून लांबी व टोके जुळतात का ते पाहावे, कारण डावी आणि उजवी केबल अनेकदा वेगळी असते. ती जुन्याच मार्गाने, प्रत्येक क्लिपमधून, सायलेन्सरच्या नळीपासून दूर न्यावी. एका बाजूची केबल गंजली असेल तर दुसरीही त्याच चिखलातून गेलेली असते. म्हणून दोन्ही बदलणे मला योग्य वाटते.

जोडणीनंतरचा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी ड्रम बसवून ब्रेकचा पेडल अनेकदा दाबावा, म्हणजे आपोआप जुळणाऱ्या शूंचे अंतर बसते. त्यानंतरच केबलचा नट आवळावा. हा क्रम उलटला तर ढिल्या शूंची उणीव केबल ताणून भरली जाते आणि ब्रेक घासत राहतो. दांडी काही वेळा जोराने ओढून सोडावी आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या खटक्यांइतका (दांडी ओढताना होणाऱ्या टकटक आवाजांइतका) ताण ठेवावा. दांडी खाली असताना दोन्ही चाके हाताने मोकळी फिरली पाहिजेत.

गाडी खाली घेऊन चाकांचे नट पक्के करावेत आणि पाय ब्रेकवर तयार ठेवून सौम्य उतारावर पकड तपासावी. नवी तार सुरुवातीला थोडी ताणली जाते, म्हणून काही दिवसांनी खटके पुन्हा मोजावेत.