पेटारी ओळखताना या चुका टाळा

लहानपणी आजोळी आम्ही पोरं पेटारीला ‘मुद्रा’ म्हणायचो. चाकासारखं, कंगोऱ्यांचं हिरवं फळ तोडायचं, शाईत बुडवायचं आणि वहीच्या मागच्या पानावर शिक्का उठवायचा. मधे ठिपका आणि भोवती आऱ्यांची रांगोळी उमटायची. आजी हाक मारायची, “अरे, शाई सांडाल, अंगणात जाऊन खेळा!” त्या फळाने माझ्या डोक्यात जे चित्र पक्कं केलं, तेच पुढे वनस्पतिशास्त्र शिकताना कामी आलं. पेटारीची खरी ओळख तिच्या फळात आहे. गफलत होते ती फुलामुळे.

पेटारी, मुद्रा, करंडी, संस्कृतात अतिबला किंवा कंकतिका, हिंदीत कंघी. शास्त्रीय नाव अब्युटिलॉन इंडिकम. पडीक जमीन, रस्त्याची कड, गावाबाहेरचा उकिरडा, रेल्वे रुळांची बाजू अशा ठिकाणी कमरेएवढं ते डोक्याएवढं हे झुडूप हमखास दिसतं. पानं हृदयाच्या आकाराची, कडेला दातेरी, हात लावला की मखमलीसारखी मऊ आणि राखी झाक असलेली. फूल पिवळं, साधारण दोन ते अडीच सेंटीमीटरचं, पानाच्या बगलेत एकटंच, लांब देठावर. इतकं सरळ झाड, पण दर पावसाळ्यानंतर माझ्याकडे फोटो येतात आणि खाली लिहिलेलं असतं, “ही अतिबला ना?” निम्म्या वेळा ती चिकणा, म्हणजे सिडा प्रजातीतलं तसंच पिवळ्या फुलाचं झुडूप, असते, उरलेल्यांत कधी रानभेंडी, कधी भलतंच काही.

सकाळी जाऊन ‘फूलच नाही’ म्हणून परतणं

पेटारीचं फूल दुपार उतरल्यावर, संध्याकाळच्या सुमारास उमलतं. सकाळी फिरायला गेलेल्याला मिटलेल्या कळ्या आणि कालची सुकलेली फुलं दिसतात. याउलट चिकण्याची फुलं सकाळी ऊन चढू लागलं की उघडतात आणि दुपारनंतर मिटतात. सकाळी फुललेलं पिवळं फूल पेटारीचं समजून फोटो काढला तर बहुतेकदा समोर चिकणा असतो. नोंद करताना वेळ लिहाच. पुढे ओळख पटवताना ती एक ओळ फार उपयोगी पडते.

फूल समोरून बघून थांबणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

भेंडीच्या कुलातल्या, म्हणजे माल्व्हेसी कुलातल्या, पिवळ्या फुलांना समोरून बघितलं की सगळी एका माळेचे मणी वाटतात. पाच पाकळ्या, एकीची कड दुसरीवर चढलेली, मधे पुंकेसरांची नळी. पण फूल हलकेच उलटं करा. हिरव्या पाच पाळ्यांचा पेला म्हणजे संवर्त. त्याच्याही खाली आणखी एक हिरवं वलय, बारीक बारीक पानांचं किंवा दोऱ्यांसारखं, दिसतं का? त्याला अपिसंवर्त म्हणतात. भेंडीच्या फुलाखाली ते दोऱ्यांसारखं असतं, जास्वंदीखालीही असतं, कापसाच्या फुलाखाली तर तीन मोठी दातेरी छदं, म्हणजे पानांसारखे हिरवे भाग, फुलाला कवेत घेऊन बसलेली असतात. पेटारीत ते नसतं. चिकण्यातही नसतं. म्हणजे खालचं वलय दिसलं की पेटारी आणि चिकणा दोन्ही नावं बाजूला ठेवा. मग रानभेंडी, कापूस किंवा पिवळ्या फुलाची रानटी जास्वंद यांच्याकडे वळा. हिबिस्कस व्हिटिफोलियस नावाची अशी एक जास्वंद आपल्याकडच्या झुडपांत आढळते. पिवळ्या फुलाच्या मध्यभागी गडद जांभळा डोळा, खाली दोऱ्यांसारखं अपिसंवर्त आणि फळाला पाच पंख. मधला गडद डोळा पेटारीच्या एका भावंडातही असतो. अब्युटिलॉन हिर्टम असं त्याचं नाव, अंगावर लांब आणि चिकट केस. म्हणून नुसत्या ‘डोळ्यावर’ विसंबू नका, उलट्या बाजूचा पुरावा घ्या.

आता फूल पुन्हा सरळ धरा आणि भिंगाखाली मधली नळी बघा. जास्वंदीत पुंकेसर त्या नळीच्या अंगावर वरपासून खालपर्यंत फुटलेले असतात आणि टोकातून पाच किंजल्कं, म्हणजे स्त्रीकेसराची टोकं, बाहेर डोकावतात. पेटारीत नळी आखूड असते आणि पुंकेसरांचा झुबका तिच्या माथ्यावर एकत्र येतो. त्या झुबक्यातून वर आलेली बारीक टोकं मोजा. घाई करू नका, दोन-तीन वेळा मोजा. जितकी किंजल्कं तितके फळाचे भाग, हा या गटाचा नियम. पेटारीत साधारण पंधरा ते वीस, कधी थोडी जास्त. चिकण्यात पाच ते दहाच्या घरात. फळ धरलेलं नसतानाही नाव ठरवायची ही खात्रीची वाट आहे आणि तिला एक साधं भिंग पुरतं.

फळ न फोडता नाव देणं

वाळलेलं फळ तळहातावर घेऊन अंगठ्याने दाबा. ते संत्र्याच्या फोडींसारखं सुटं होतं. अशा फळाला पालिभेदी म्हणतात आणि प्रत्येक फोडीला फलांश. भेंडी आणि कापसाचं बोंड असं सुटं होत नाही, ते उभ्या भेगा पडून उघडतं.

पेटारीचे फलांश पंधरा-वीस, चपटे, वरच्या कोपऱ्याला आखूड टोक. एकेकात दोन किंवा तीन बिया, मूत्रपिंडाच्या आकाराच्या, काळपट तपकिरी. चिकण्याच्या फलांशात एकच बी. बला म्हणून ओळखला जाणारा सिडा कॉर्डिफोलिया हा खरा फसवणारा, कारण त्याचीही पानं हृदयाकृती आणि लवदार असतात. त्याच्या फलांशाला मात्र दोन लांब टोकं असतात आणि त्यांवर खाली वळलेले बारीक केस. ते कपड्याला, गुरांच्या अंगाला चिकटतात. रानातून आल्यावर विजारीला काय लागलंय ते बघितलं तरी निम्मं उत्तर मिळतं. पेटारी अशी चिकटत नाही.

ही सरमिसळ आजची नाही. वनस्पतींना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या खुद्द लिनियसने 1756 साली पेटारीला सिडा इंडिका असं नाव देऊन चिकण्याच्याच प्रजातीत बसवलं होतं. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट स्वीटने 1826 मध्ये ती अब्युटिलॉनमध्ये हलवली. फलांशात एक बी की जास्त, हा आजही दोन्ही प्रजाती वेगळ्या करायला सांगितला जाणारा पहिला मुद्दा आहे.

पानाच्या मापावरून निर्णय घेणं

पान सावलीत आणि ओलाव्यात तळहाताएवढं होतं, उन्हातल्या मुरमाड जागी त्याच झाडाच्या बियांपासून उगवलेलं रोप अंगठ्याएवढ्या पानांवर भागवतं. माप बघूच नका. देठ लांब आहे का, पानाच्या तळापासून एकाच ठिकाणाहून ठळक शिरा पंज्यासारख्या फुटतात का, आणि भिंगाखाली केस चांदणीसारखे दिसतात का, हे बघा. एकाच बिंदूतून चार-पाच टोकं फुटलेले हे तारकाकृती केस माल्व्हेसीत ठिकठिकाणी भेटतात. ते कूळ सांगतात. प्रजातीचं नाव सांगायला ते पुरेसे नाहीत.

उतरत्या रंगाला दुसरी जात समजणं

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर बेलपाटा आणि भेंड ही दोन झाडं याच कुलातली. बेलपाट्याचं फूल सकाळी पिवळं असतं, संध्याकाळी नारिंगी-तांबडं होतं. भेंडाचं पिवळं फूल गळताना जांभळट गुलाबी होतं. एका झाडाखाली दोन रंगांची फुलं सापडली म्हणून लोक दोन जाती मोजतात. पेटारीत हा प्रकार नाही, तिची पाकळी पिवळीच सुकते.

सोनसावर, म्हणजे गणेर, हीसुद्धा इथेच सांगून टाकतो. नावात सावर आहे आणि काटेसावर आता नव्या वर्गीकरणानुसार माल्व्हेसीत आली आहे, म्हणून पिवळी गणेरही तिथलीच असं अनेकांना वाटतं. तिच्या फुलात पुंकेसर सुटे असतात, त्यांची नळी होत नाही. ती वेगळ्या कुलातली आहे.

नावाला भुलून औषधात वापरणं

याबद्दल मी फार आग्रही आहे. आयुर्वेदात बला, अतिबला, महाबला, नागबला अशी चौकडी सांगितली जाते आणि प्रांताप्रांतात या चार नावांखाली वेगवेगळ्या वनस्पती येतात. आपल्याकडे अतिबला म्हणजे पेटारी, तर काही ठिकाणी त्याच नावाने चिकण्याचा एखादा प्रकार विकला जातो. वाळलेलं मूळ हातात आलं की फूल नाही, फळ नाही, पान नाही, मग भलेभले चकतात. मी स्वतः एकदा ‘अतिबला’ असं लेबल असलेलं बी आणून लावलं. रोपं वाढली, सकाळी दहाच्या सुमारास बारकी फुलं उमलली, फळ फोडलं तर फलांशात एकेकच बी. सगळा वाफा चिकण्याचा निघाला. बागेत हे चालून जातं, काढ्यात चालत नाही. रस्त्यावरून मूळ उपटून आणून घरी उकळू नका. वैद्याला झाड दाखवा, शक्यतो फळासकट.

बी उगवत नाही म्हणून फेकून देणं

फुलपाखरं आणि मधमाश्यांसाठी पेटारी मुद्दाम लावणारे आता बरेच आहेत आणि ते मला मनापासून आवडतं. तक्रार एकच येते: बी टाकलं, महिना झाला, काही नाही. बी मेलेलं नसतं. या कुलातल्या कित्येकांच्या बीचं कवच इतकं घट्ट असतं की पाणी आत जात नाही. बी बारीक सॅंडपेपरवर दोन-चारदा हलकेच घासा, चकाकी जाईपर्यंत. किंवा पाणी उकळून गॅसवरून उतरवा, मिनिटभर थांबा, त्यात बी टाका आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी फुगलेल्या बिया वेगळ्या काढून पेरा, न फुगलेल्या पुन्हा घासा. रोप मोठं झाल्यावर हलवू नका, सोटमूळ दुखावतं आणि झाड माना टाकतं. थेट जागेवर किंवा खोल पिशवीत लावा, उन्हात.

कपाशीच्या किंवा भेंडीच्या शेताच्या बांधावर मात्र लावू नका. पिठ्या ढेकूण आणि कापसावरचे लाल ढेकूण पेटारीवर सुखाने राहतात आणि तिथून पिकात उतरतात. एकच कूळ, एकच पाहुणे.

नमुना दाबताना घाई

हे खास विद्यार्थ्यांसाठी. या कुलात चिकट श्लेष्म भरपूर असतं. भेंडी चिरताना हाताला लागतं तेच. फूल तसंच कागदात दाबलं की पाकळ्या कागदाला चिकटतात आणि काढताना फाटतात. फुलाच्या वर-खाली पातळ टिश्यू ठेवा, शोषकागद पहिले तीन-चार दिवस रोज बदला. एक फूल उलटं दाबा, म्हणजे अपिसंवर्त आहे की नाही ते पुढेही दिसेल. पिकलेली फळं वेगळ्या कागदी पाकिटात भरून नमुन्याच्याच कागदावर चिकटवा, नाहीतर फलांश सुटे होऊन गळून जातात आणि शिक्षकांसमोर पंचाईत होते. सोबतच्या चिठ्ठीवर झाडाची उंची, फुलाचा ताजा रंग आणि उमलण्याची वेळ लिहा. वाळल्यावर यातलं काहीच कळत नाही.

सह्याद्रीतलं प्रत्येक पिवळं अब्युटिलॉन ‘आपली पेटारी’ समजणं

घाटात एखाद्या झुडपावर पिवळसर फुलं घंटेसारखी खाली लोंबताना दिसली तर तिथेच थांबा. पेटारीचं फूल असं घंटा होऊन लोंबत नाही. ते आकाशाकडे किंवा बाजूला तोंड करून ताटलीसारखं उघडतं. लोंबत्या फुलांचीही एकाहून जास्त अब्युटिलॉनं आहेत, पण त्यांतली एक सोनघंटा असू शकते: अब्युटिलॉन रानडेई. कोल्हापूरजवळच्या आंबा घाटातून ती शास्त्राच्या नोंदीत आली. 1894 साली वुड्रो आणि स्टाप्फ या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि ती ज्यांच्यामुळे हाती लागली त्या नीलकंठ रानडे यांचं नाव तिला दिलं. पुण्यातल्या वनस्पती-संग्रहावर काम करणाऱ्या मराठी माणसाचं नाव असं एका झाडाच्या शास्त्रीय नावात कायमचं कोरलं गेलं, याचा मला फार अभिमान वाटतो. सह्याद्रीच्या मोजक्या जागांवर उरलेलं हे झुडूप अतिधोक्यातल्या वनस्पतींत गणलं जातं.

तिथे वर सांगितलेलं फळ फोडणं, फूल तोडणं, नमुना दाबणं यातलं काहीही करू नका. फोटो घ्या: अख्खं झुडूप, फूल बाजूने, फूल खालून, पान दोन्ही बाजूंनी, फळ असेल तर तेही, पण झाडावरच. मोबाईलमधला ठिकाणाचा टॅग बंद करा, फोटो सगळीकडे टाकण्याआधी जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना किंवा वनखात्याला दाखवा. आणि परतताना आलात त्याच पायवाटेने उतरा, आजूबाजूच्या गवतात तिची रोपं असू शकतात.