मधुमेह आणि पाय: रात्रीची पाच मिनिटे

मधुमेहात पायाची जखम बहुतेक वेळा किरकोळ कारणाने होते: चपलेतला खडा, देवळाची तापलेली फरशी, चावणारा नवा बूट. ती चिघळते कारण दुखत नाही. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की शरीरातले सर्वांत लांब मज्जातंतू आधी निकामी होतात, म्हणून बधिरपणा पायाच्या बोटांपासून वर चढतो. वेदना जे काम करायची ते मग डोळ्यांना करावे लागते.

आधी बधिरपणा आहे का ते पाहा. आडवे होऊन डोळे मिटा. घरातल्या कुणीतरी दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी, अशा सहा टोकांवर तर्जनी एक-दोन सेकंद हलकेच टेकवावी. दाबायचे नाही, चोळायचे नाही. स्पर्श कळला की ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचे. दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही तर डॉक्टरांकडे जा. ते 10 ग्रॅम दाब देणाऱ्या नायलॉन तंतूने आणि 128 हर्ट्झच्या नादकाट्याने खात्री करतात, पायाच्या नाड्याही बघतात. सगळे ठीक असले तरी ही तपासणी वर्षातून एकदा हवीच.

रात्री पाय धुताना पाणी कोपराने पाहा, पायाने नाही. बधिर पाय भाजला तरी कळत नाही. भिजवत बसू नका. बोटांच्या बेचक्या मऊ फडक्याने कोरड्या करा. पावसाळ्यात चिखल्या तिथेच होतात आणि त्या चिरांतून जंतू आत शिरतात. तळव्याला खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा, बेचक्यांत मात्र नाही. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. फोड, भेग, लाली, नखाभोवतीची सूज शोधा आणि हाताच्या पाठीने दोन्ही पायांची ऊब ताडून पाहा. एकच पाय सुजलेला, गरम आणि लाल, पण फारसा दुखत नाही, तर त्या पायावर भार देऊ नका. आतली हाडे खचत असू शकतात. त्याच दिवशी दाखवा.

नखे सरळ कापा, कोपरे कोरू नका. कुरुपावर औषधी पट्टी किंवा ब्लेड नको. त्या पट्टीतले आम्ल चांगली कातडीही जाळते. तळवे जळजळतात म्हणून काशाची वाटी घासणारे बरेच असतात. बधिर तळव्यावर जोर किती लागतोय ते कळत नाही, तेव्हा ती वाटी राहू द्या.

चप्पल संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्याची पट्टी असलेली चप्पल बेचकीत घासते; बधिर पायाला मऊ एमसीआर (बारीक छिद्रांचे रबर) तळव्याची, मागे पट्टा असलेली सँडल बरी. घालण्याआधी झटका आणि आत हात फिरवा. मोजे पांढरे वापरा, रक्ताचा डाग लगेच दिसतो. घरातही अनवाणी नको, देवळात मोजे घाला.

जखम दिसलीच तर स्वच्छ पाण्याने धुऊन निर्जंतुक गॉज बांधा. हळद, चुना, तंबाखू काही नको. 24 तासांत डॉक्टरांना दाखवा. काळपटपणा, वास, पू किंवा ताप असेल तर ताबडतोब.

एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, बहुतेकांना 7 टक्क्यांखाली ठेवायला सांगतात. वृद्धांना, साखर वरचेवर खाली जाणाऱ्यांना थोडी सूट असते. साखर आटोक्यात आल्याने बधिरपणा वाढायचा थांबू शकतो, पण गेलेली संवेदना सहसा परत येत नाही. म्हणून आकडा सुधारला तरी आरसा काढून ठेवू नका.