परसातली द्राक्षवेल: घड लागावा म्हणून

परसातल्या द्राक्षवेलीबद्दलची नेहमीची तक्रार एकच: मांडव पानांनी भरला, घड मात्र नाही. खत वाढवून हे सुटत नाही. कारणं बहुतेक वेळा दोन, अपुरं ऊन आणि न केलेली एप्रिल छाटणी. त्यामुळे दिवसाला सात-आठ तास थेट ऊन मिळेल तिथेच वेल लावा.

रोप डॉगरिज खुंटावर (क्षार सोसणाऱ्या, मुळांसाठी वापरल्या जाणाऱ्या द्राक्षजातीवर) कलम केलेलं घ्या. बोअरचं पाणी असेल तर हवंच. स्वतःच्या मुळांवरच्या वेलीला क्षार सोसत नाहीत, पानांच्या कडा करपतात. नाशिक-सांगलीच्या कोरड्या हवेत थॉमसन, सोनाका, शरद सीडलेस चांगल्या येतात. कोकण-गोव्याच्या दमट हवेत त्या केवडा या बुरशीजन्य रोगापुढे टिकत नाहीत. तिथे बंगलोर पर्पल लावून बघा. बिया असतात, पण रोग कमी.

लागवड जानेवारी-फेब्रुवारीत. भिंतीपासून तीन फूट सोडून दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या. मातीत दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळून भरा. जमीन भारी काळी असेल तर फूटभर उंच वरंब्यावर लावा, पाणी साचलं की मुळं कुजतात. कलमाचा जोड मातीच्या चार-सहा इंच वर राहिलाच पाहिजे. तो पुरला गेला तर वरच्या जातीला मुळं फुटतात आणि खुंटाचा उपयोग संपतो. जोडाखालचे फुटवे दिसतील तेव्हा काढा.

बांबूच्या आधाराने एकच जोमदार फूट सरळ वर न्या, बगलफुटी खुडत राहा. मांडव साडेसहा फुटांवर. शेंडा मांडवाच्या तारेच्या अर्धा फूट खाली थांबवून वरच्या दोन फुटींचे दोन बाजूंना ओलांडे (कायम राहणाऱ्या आडव्या फांद्या) करा. ओलांडा एका दमात पळू देऊ नका: सात-आठ पानांवर शेंडा खुडा, काडी जाड झाली की पुढची फूट चालवा. घाईत वाढवलेल्या ओलांड्याचे मधले डोळे (जिथून नवी फूट निघते ते कोंब) फुटत नाहीत आणि मांडव तिथे उघडा पडतो.

आता मुख्य काम. एप्रिलमध्ये ओलांड्यावरची प्रत्येक काडी एक डोळा राखून छाटा. हीच खरड छाटणी. हिरवी वेल अशी बोडकी करायला हात धजत नाही, तरी करा. त्यानंतर साधारण 40 ते 60 दिवसांत नव्या काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा सूक्ष्म घड तयार होतो आणि त्यासाठी काडीवर ऊन पडावं लागतं. म्हणून चार-पाच इंचांवर एकच फूट ठेवा. या काळात पाणी कमी द्या, युरिया टाळा. दाटी झाली की घडाची बाळी होते, म्हणजे घडाऐवजी नुसता वेलीचा तणावा निघतो.

ऑक्टोबरमध्ये पाऊस उघडल्यावर पेन्सिलीएवढ्या जाड काड्या सहा-आठ डोळ्यांवर छाटून लगेच एक टक्का बोर्डो फवारा: लिटरभर पाण्याला 10 ग्रॅम मोरचूद, 10 ग्रॅम चुना, प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे कालवून मग एकत्र. त्यात लोखंडी खिळा बुडवा. तांबूस झाला तर चुना वाढवा. कोवळ्या फुटीवर याच्या निम्मी तीव्रता पुरे. पानावर तेलकट पिवळा डाग आणि खालून पांढरी बुरशी दिसली तर तो केवडा, ती पानं लगेच काढून जाळा.

पहिल्या बहाराला दहा-पंधरा घडच राखा. मण्यात पाणी उतरू लागलं, म्हणजे मणी मऊ होऊ लागले, की पाखरांसाठी जाळी टाका. तोडलेलं द्राक्ष नंतर गोड होत नाही. घडाच्या टोकाचा मणी सगळ्यात शेवटी पिकतो, तो चाखूनच घड तोडा.