जुनं साहस ओजीएलवरून क्रिएटिव्ह कॉमन्सवर नेताना

डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळासाठी लिहिलेल्या तुमच्या जुन्या साहसाची, म्हणजे खेळायच्या कथेची, पीडीएफ उघडा आणि थेट शेवटी जा. तिथे ओजीएल १.०ए (ओपन गेम लायसन्स, खेळाचा मजकूर इतरांना वापरू देणारा परवाना) छापलेला असेल, त्यातलं कलम १५ वाचा. लहान प्रकाशकांची हस्तलिखितं तपासताना मी कथेच्या आधी हेच वाचते. मजकूर कुणाकुणाकडून आलाय, त्याची अख्खी वंशावळ तिथे असते.

परवान्याची स्वतःची ओळ सोडून तिथे फक्त डंजन्स अँड ड्रॅगन्स काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्टची एसआरडी ५.१ (इतरांना वापरायला दिलेला खेळाच्या मूळ नियमांचा दस्तऐवज) आणि तुमचं पुस्तक असेल, तर काम सोपं. जानेवारी २०२३मध्ये कंपनीच्या नव्या परवान्याचा मसुदा फुटला: साडेसात लाख डॉलरच्या वरच्या कमाईवर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी, आणि २००० सालापासूनचा १.०ए मोडीत. इतका गदारोळ झाला की २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि तीच एसआरडी क्रिएटिव्ह कॉमन्स बीवाय ४.० या, श्रेय देऊन वापरू देणाऱ्या परवान्याखाली दिली. अटी पाळणाऱ्याकडून हा परवाना काढून घेता येत नाही. २०२५मध्ये एसआरडी ५.२ही त्याखालीच आली. १.०ए अजून शाबूत आहे, त्यामुळे घाई नको.

खरी मेख कलम १५मधल्या तिसऱ्या नावात. दुसऱ्या प्रकाशकाचा राक्षस ओजीएलखाली उचलला असेल, तर तो आपोआप क्रिएटिव्ह कॉमन्सवर येत नाही. त्या प्रकाशकाची लेखी परवानगी घ्या, राक्षस नव्याने लिहा, नाहीतर पुस्तक ओजीएलवरच राहू द्या. मी बहुतेकदा नव्याने लिहायला सांगते. उसन्या राक्षसावाचून कथा सहसा अडत नाही. पण नाव बदलून वर्णन तेच ठेवलंत, तर ते नवं लिखाण नव्हे!

मग प्रत्येक स्टॅट ब्लॉक (राक्षसाच्या ताकदीचे आकडे देणारा तक्ता) एसआरडीशी ताडून बघा. बिहोल्डर, माइंड फ्लेअर या राक्षसांचे ब्लॉक तिथे नाहीत, तेव्हा ते काढाच. ओजीएलचा मजकूर कलम १५सकट काढा. श्रेयाचा परिच्छेद एसआरडीच्या सुरुवातीला दिलाय, तो जसाच्या तसा घ्या, आवृत्तीचा क्रमांक तपासा आणि तुम्ही बदल केलेत हेही नोंदवा. कव्हरवर 'फाइव्ह ई कम्पॅटिबल' (खेळाच्या पाचव्या आवृत्तीशी जुळणारं) चालतं, डंजन्स अँड ड्रॅगन्सचा लोगो नाही.

पेझो या दुसऱ्या खेळ-प्रकाशकाच्या पुढाकाराने आलेल्या ओआरसी या खुल्या परवान्याकडे वळणार असाल तर एक लक्षात घ्या: तिथे तुम्ही रचलेले खेळाचे नियमही इतरांना खुले होतात. बीवायमध्ये तशी सक्ती नाही.

नवी फाइल चढवताना दुकानातली नमुना पीडीएफही बदला. जुनं कलम १५ हमखास तिथेच उरतं.