व्हिडिओ कॉलवर डॉक्टर: कॉल लावण्याआधीचा अर्धा तास

व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना नाडी धरता येत नाही, पोट दाबून बघता येत नाही. त्यांना दिसतं ते तुमच्या कॅमेऱ्यातून आणि कळतं ते तुम्ही सांगाल तेवढंच. त्यामुळे सल्ला किती उपयोगाचा होणार, हे बहुतेक वेळा कॉल लागण्याआधीच ठरलेलं असतं. सात-आठ मिनिटांच्या कॉलमधली निम्मी मिनिटं "ती छोटी पांढरी गोळी, सकाळी घेते ती" यात गेली, तर डॉक्टर तरी काय करणार!

आधी कॉल कशासाठी करायचा नाही ते बघू. छातीत दुखणं किंवा दडपण, धाप लागणं, तोंड एकाएकी वाकडं होणं, एका हातातली ताकद जाणं, बोलताना जीभ अडखळणं, शुद्ध हरपणं, रक्तस्राव, पोटात असह्य दुखणं, तान्ह्या बाळाने दूध पिणं सोडणं, यातलं काहीही असेल तर थेट १०८. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ऑनलाइन अपॉइंटमेंटची वाट बघण्यात तोच वेळ हातचा जातो. याउलट बीपी, शुगर, थायरॉइडचा फॉलोअप, रिपोर्ट वाचून घेणं, अंगावरचं पुरळ, साधा सर्दी-खोकला, औषधांबद्दलच्या शंका या गोष्टी फोनवर उत्तम होतात.

बीपीची नोंद

गावाकडच्या आईवडिलांसाठी घेतलेला ऑनलाइन सल्ला बहुधा बीपीभोवतीच फिरतो, आणि सगळ्यात जास्त गोंधळही तिथेच होतो. दंडावर बांधायचं स्वयंचलित यंत्र घ्या. मनगटावरची यंत्रं हात जरा वरखाली झाला तरी आकडा बदलतात. पट्टा घेताना दंडाचा घेर टेपने मोजा. बऱ्याच यंत्रांसोबत येणारा पट्टा सुमारे २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. दंड जाड आणि पट्टा लहान असेल, तर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं आणि नको ती गोळी वाढते.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवीला जाऊन यावं. पाठीला टेकू असलेल्या खुर्चीत पाच मिनिटं शांत बसावं, पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. हात टेबलावर अशा उंचीवर ठेवावा की पट्टा छातीच्या पातळीला येईल. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर, बाही पूर्ण बाजूला. मोजताना बोलायचं नाही, "किती आलं गं?" हेसुद्धा नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. त्यातला कमी आलेला तेवढा लिहायचा मोह टाळा. सकाळची मोजणी गोळी आणि नाश्त्याच्या आधी, दुसरी संध्याकाळी.

असं सात दिवस करायचं. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरच्या मोजणीची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल, तर ते वाढलेलं बीपी धरतात. दवाखान्यातली १४०/९० ही मर्यादा घरी लावू नये. वहीतली ओळ अशी असावी: "मंगळवार, सकाळी ६.४०, १४८/८८, नाडी ७६, ६.४२, १४२/८६, नाडी ७४. गोळी नंतर घेतली." डॉक्टरांना "बीपी जरा वरखाली होतंय" यापेक्षा असं एक पान दहापट उपयोगी पडतं. नाडी अनियमित असेल तर यंत्र चुकू शकतं. तसं चिन्ह पडद्यावर वारंवार येत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, ईसीजी लागू शकतो.

ग्लुकोमीटरचं थोडक्यात. बोट साबणाने धुऊन पूर्ण कोरडं करा. आंबा कापलेल्या हाताने शुगर तपासली तर फळातली साखर मोजली जाते. पट्ट्यांची डबी उघडी ठेवू नका, तारीख उलटलेली पट्टी वापरू नका. नुसतं "शुगर १८०" लिहून काही कळत नाही. उपाशीपोटी की जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी, ते लिहा. ऑक्सिमीटर लावण्याआधी नेलपॉलिश काढा, थंड बोटं चोळून गरम करा आणि आकडा स्थिर झाल्यावरच वाचा.

फोटो

रिपोर्टचा फोटो खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, कागद सपाट ठेवून काढा. चारही कोपरे दिसले पाहिजेत. रुग्णाचं नाव, तारीख आणि प्रत्येक तपासणीपुढे छापलेली सामान्य मर्यादा कापली जाता कामा नये, कारण ती मर्यादा लॅबनुसार बदलते. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो दाबला जाऊन अक्षरं फुटतात. तोच "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला की जसाच्या तसा जातो. लॅबने दिलेली पीडीएफ असेल तर फोटो काढायचीच गरज नाही.

गोळ्यांची सगळी पाकिटं एका ओळीत, छापील बाजू वर करून ठेवा आणि एकच फोटो काढा. इथे नेहमीची अडचण अशी, की मेडिकलवाल्याने पट्टी नेमकी नावाच्या बाजूने कापून दिलेली असते. पुढच्या वेळी नाव आणि तारीख शिल्लक राहील अशी कापून मागा, नाहीतर बिल जपून ठेवा. या ओळीत काढा, चूर्ण, गुडघेदुखीसाठी परस्पर आणलेली गोळीही ठेवा. डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं बीपी वाढवतात आणि मूत्रपिंडाला त्रास देतात. बीपी आटोक्यात का येत नाही, याचं उत्तर कधी कधी त्या "साध्या दुखण्याच्या गोळी"त असतं आणि ती सांगायचीच राहते.

पुरळ किंवा गाठ असेल तर दोन फोटो: एक लांबून, शरीराचा कोणता भाग ते कळेल असा, दुसरा जवळून, बाजूला रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. ब्युटी फिल्टर बंद आहे ना, ते बघा. हल्ली काही फोन न विचारताच त्वचा गुळगुळीत करून टाकतात.

कॉल सुरू असताना

उजेड चेहऱ्यावर हवा, पाठीमागे खिडकी नको. फोन हातात न धरता कशाला तरी टेकवून ठेवा. पहिल्या वाक्यातच वय, जुने आजार, आत्ताची तक्रार आणि ती कधीपासून, हे सांगा. पुढे बोलू द्यायचं ते रुग्णाला. पुण्यातला मुलगा किंवा अमेरिकेतली मुलगी कॉलवर असली तरी आईच्या वतीने सगळं त्यांनीच सांगू नये. बोलताना लागणारी धाप डॉक्टर ऐकत असतात. पायाला सूज असेल तर नडगीच्या हाडावर अंगठा पाच-दहा सेकंद दाबून, खड्डा पडतो का ते कॅमेऱ्यासमोर दाखवा.

२५ मार्च २०२० रोजी आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांमुळे भारतात या पद्धतीला स्पष्ट नियम मिळाले. पहिल्याच वेळी बोलत असाल तर कित्येक औषधं फक्त व्हिडिओ कॉलवर बघूनच लिहिता येतात. अंमली आणि मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या कायद्यातली औषधं फोनवरून लिहिण्यावर या सूचनांमध्ये बंधन आहे, तेव्हा डॉक्टर नाही म्हणाले तर हट्ट धरू नका. चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक, सही, तारीख आणि रुग्णाचं नाव-वय हवं. "ही गोळी घ्या" असा नुसता मेसेज म्हणजे चिठ्ठी नव्हे.

सरकारी ई-संजीवनी सेवा मोफत आहे. स्वतःच्या फोनवरून ओटीपीने नोंदणी करून टोकन घेता येतं. पण म्हाताऱ्या माणसाला जवळच्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात नेलेलं बरं. तिथला समुदाय आरोग्य अधिकारी बीपी मोजून देतो आणि मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरांशी स्वतः बोलतो. डॉक्टरांचा प्रश्न समजून उत्तर देणारं माणूस शेजारी असलं की बराच फरक पडतो. १४ आकड्यांचं आभा खातं, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खातं, काढून ठेवलं तर जोडलेले रिपोर्ट तुमच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरांना दाखवता येतात. आभा म्हणजे पाच लाखांच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड नव्हे. हा घोळ अगदी दवाखान्याच्या खिडकीवरही ऐकू येतो.

रील, ग्रुप आणि फसवे नंबर

रीलवरून डॉक्टर निवडणार असाल तर आधी नाव आणि नोंदणी क्रमांक राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरच्या नोंदवहीत शोधा. लाखो फॉलोअर असले तरी नोंदणी असेलच असं नाही. मधुमेह किंवा कर्करोग हमखास बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तशी जाहिरात दिसली की त्या माणसाचा नंबर सेव्हही करू नका. व्हॉट्सअॅपवर मेसेजवर दुहेरी बाण असेल तर तो अनेकांच्या हातून फिरत आलेला आहे. त्यातलं पथ्य करायचंच असेल तर करा, पण कारल्याच्या रसावर विसंबून इन्सुलिन बंद करू नका. टाइप १ मधुमेहात ते बंद केल्यास एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं.

रुग्णालयाचा नंबर गुगलवर दिसणाऱ्या पहिल्याच जाहिरातीतून उचलू नका, जुन्या केसपेपरवरून किंवा अधिकृत संकेतस्थळावरून घ्या. "अपॉइंटमेंट पक्की करायला दहा रुपये भरा" म्हणत लिंक किंवा एपीके (फोनवर अॅप बसवणारी) फाइल आली, की ती उघडायचीच नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रिपोर्ट सोसायटीच्या किंवा भावकीच्या ग्रुपवर टाकून मत मागू नका. त्यावर नाव, वय, फोन नंबर सगळं छापलेलं असतं.

कॉल संपण्याआधी

प्रत्येक औषध डॉक्टरांना परत वाचून दाखवा: १-०-१ म्हणजे सकाळी आणि रात्री, जेवणाआधी की नंतर, किती दिवस. जुन्या गोळ्यांपैकी कोणती बंद करायची, हे मुद्दाम विचारा. नाहीतर एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या गोळ्या दोन महिने सुरू राहतात. पुढची तपासणी कधी आणि कोणतं लक्षण दिसलं तर थेट दवाखाना गाठायचा, हे चिठ्ठीच्या मागेच लिहून ठेवा. शेवटी त्या चॅटमध्ये मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर ती बंद करा, आणि चिठ्ठी फोनमध्ये वेगळी साठवून तिची एक छापील प्रत गोळ्यांच्या डब्यात ठेवा.